दुपारची झोप आणि युरोप

जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरला होता. आमचा निखिल सगळ्यांच्या सहलीसाठी पॅरिसपासून रोमपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढत होता आणि शेजारी त्याची आई गवार मोडत बसली होती. प्रत्येक शहरापाशी तिचा एकच प्रश्न, "दुपारी जरा आडवं कुठे व्हायचं?"

"आई, तिथे जाऊन दुपारी कुणी झोपतं का?"

"मग आम्हाला कशाला नेतोस? नुसत्या बॅगा ने."

तो हसला आणि त्याने खोडरबर उचललं. प्राग गेलं. मी पेपर खाली ठेवून बघत राहिलो. नकाशात नद्या असतात, रेल्वे असते. माझे गुडघे नसतात. हाच मुलगा लहानपणी जत्रेत पेंगायला लागला, की आम्ही पाळण्यात न बसताच मागे फिरायचो. राहून गेलेल्या त्या पाळण्यांची आम्हाला कधी हळहळ वाटली नाही.

शेवटी त्याने व्हिएन्नाही खोडलं आणि रबराचा चुरा फुंकून टाकला. पेन्सिलीची रेघ गेली. खाली छापलेलं नाव मात्र तसंच होतं, आणि तो त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता.