रेकॉर्डवर घेतलेलं नाव

त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा ते माझ्या नवऱ्याच्या जागी येऊन बसलं, तेवढं बास झालं.

आमच्यात बायका एरवी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. घ्यायचं ते उखाण्यात, आणि तेही बायकांनी दार अडवून "नाव घे, नाव घे" म्हणून पिच्छा पुरवल्यावर. बाकीच्या दोन ओळींत उरकायच्या. माझी लांबण असायची. एकातून एक काढत, मधे श्वास न घेता, ऐकणारीला दम लागेल इतकं लांब. शेवगावच्या आसपास लग्न निघालं की नवऱ्या मुली उखाणा शिकायला माझ्याकडंच यायच्या. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

माझा स्वतःचा उखाणा माझ्याच घरावर रचलेला होता:

घर आमचं मातीचं, दार त्याला पूर्वेचं,
दाराला न्हाई कडी, नुसताच कोयंडा,
कोयंड्याला बांधली शेळी, शेळीला एकच शिंग,
शिंगात अडकली चुंबळ, चुंबळीवर घागर,
घागरीत न्हाई पानी, सासूबाईंची बडबड,
बडबडीनं जागे झाले मामंजी,
मामंजींच्या घोरन्यानं हलला व्हता वरवंटा...

असं ते पुढं बरंच जायचं. सासूबाई आधी तोंड वाकडं करायच्या, पण शेवटाला त्यांच्याच लेकाचं नाव यायचं म्हणून पदराआड हसायच्या. घरातलं होतं, घरातच राहत होतं.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नणंदेच्या लग्नात मी दारात उखाणा घेतला तेव्हा मांडवात तमाशातला एक सोंगाड्या पाहुणा म्हणून आला होता. बाईचा आवाज काढण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ आला. "आक्का, मला भाऊ समजा. पुन्यांदा म्हना की तेवढं." मी म्हटलं. "आनखी एकदा." आणखी एकदा म्हटलं. तिसऱ्या वेळी तो सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहून घेत होता आणि ते बघूनसुद्धा मी थांबले नाही. उलट सावकाश म्हटलं, त्याला नीट लिहिता यावं म्हणून. अशी मी शहाणी.

वर्षाच्या आत त्याची रेकॉर्ड निघाली. गाणं नव्हतंच ते. ढोलकीच्या ठेक्यावर बाईच्या आवाजात भराभरा बोलणं. माझं दार, माझी शेळी, माझी सासू. आणि शेवटी, जिथं माझ्या नवऱ्याचं नाव यायचं, तिथं त्यानं स्वतःचं नाव घातलेलं. "...रावांचं नाव घेते, वाट सोडा."

ती रेकॉर्ड किती चालली म्हणून सांगू. लग्नाच्या मांडवात तीच, जत्रेत तीच, एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात सकाळपासून तीच. रेडिओवर तिची फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचता वाचता बाई दमायची. श्रीरामपूरचा दुकानदार म्हणे सिनेमाची गाणी मागं ठेवून ती पुढं मांडायचा. आमच्या गावच्या लाऊडस्पीकरवाल्याची पहिली झिजली, त्यानं दुसरी आणली.

दुनिया हसत होती. आमच्या घरात मात्र सुतक आल्यासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, "माझी बडबड तू चावडीवर नेली." मामंजींनी पारावर बसायचं सोडलं, कारण ते दिसले की कुणीतरी घोरून दाखवायचं. आणि ज्यांना ठाऊक होतं उखाणा कुणाचा, त्या बायका विहिरीवर एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. घर हिचं, सासू हिची, अन् नाव भलत्याचंच घेतेय. पुढं एका बारशाला मी नेहमीसारखी सुरुवात केली, तर एक पोरगी म्हणाली, "काकू, रेकॉर्डावरचं नको, तुमचं म्हना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझंच मला चोरीचं ठरलं होतं.

मालकांनी स्टँडवर चहाला जायचं बंद केलं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी कुणाच्या दारात नाव घेतलं नाही. माझ्या उखाण्यात माझ्या नवऱ्याचं नाव परत बसेपर्यंत घ्यायचं नाही, असं मनाशी ठरवलं आणि त्या माणसावर डूख धरून बसले. भाकरी थापताना, खुरपताना, दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा तर जास्तच. हातोडा कुणाच्या टाळक्यात घालतेय असं समजून घालायचे ते माझं मलाच माहीत.

दुष्काळ सरला, लग्नं पुन्हा निघाली. राहुरीकडच्या माझ्या चुलत बहिणीची पत्रिका आली. तिच्या मुलीचं लग्न. नवरदेवाचं नाव वाचलं आणि मी पत्रिका घेऊन दोनदा उजेडात गेले. तोच. आता मोठा कलावंत, श्रीरामपुरात घर बांधलेलं. बहिणीला बिचारीला काय माहीत. तिला वाटलं, रेकॉर्डवाला जावई मिळाला, पोरीनं नशीब काढलं.

चार दिवसांनी ती पोरगी माझ्याकडं राहायला आली. "मावशी, त्यांच्या दारात घ्यायला चांगला लांब उखाना शिकवा. तिथं माईक हाय म्हनं."

देवानं ताट वाढून पुढं ठेवलं, असंच मला वाटलं. मी दोन दिवसांत रचला आणि दोन दिवस तिच्याकडून घोकून घेतला. पोरगी हुशार. मधेच तिनं विचारलं, "मावशी, 'नेली, नेली' म्हंजी काय वो?" मी म्हटलं, "म्हंजी रेकॉर्डात नेली. मोठी केली." ती खूष झाली. नवऱ्याचं कौतुक आहे असं समजून आणखी मन लावून पाठ करायला लागली.

लग्न लागलं. पाठराखीण म्हणून मी नवरीबरोबर श्रीरामपूरला गेले, मालकही आले. दुपार होती. त्याच्या दारात मांडव, मांडवात माईक, खुर्चीवर रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा मुंबईचा साहेब. नवरा-नवरी उंबऱ्याशी आली तशा बायकांनी दार अडवलं. त्यानं मला पाहिलं, पण ओळखलं नाही. तेही मला झोंबलं. कुणीतरी नवरीच्या तोंडापुढं माईक धरला आणि ती एका दमात म्हणाली:

काळी थाळी फिरती, थाळीवर टोचली सुई,
सुईखाली घर कुनाचं? शेवगावच्या सुनंचं,
सुनंची शेळी नेली, घागर नेली, सासूसकट बडबड नेली,
नेली ती नेली, वर दादल्याची जागा नेली,
नेनाऱ्याचं नाव पुसता? तेच तर मी घेते,
...राव म्हनत्यात त्यांना, सोडा माझी वाट.

आधी टाळ्या पडल्या. मग बायकांच्या ध्यानात आलं आणि टाळ्या विस्कटल्या. मागं एकजण फिस्सकन हसली, मग दुसरी. साहेब शेजारच्याला "क्या बोली, क्या बोली" विचारत होता. नवरदेवाच्या म्हाताऱ्या आईनं ओवाळायचं ताट खाली धरलं आणि विचारलं, "आरं, काय म्हनती ही? कुनाचं नेलंस?"

"गंमत हाय," तो म्हणाला. घाम त्याच्या मुंडावळ्यांखालून ओघळत होता.

मी माईक घेतला. माझा उखाणा सुरू केला, माझ्या दारापासून. वरवंट्यापर्यंत सगळ्यांना पाठ होता, ओठ हलत होते. रेकॉर्डवर तिथून थेट त्याचं नाव येतं. तीन मिनिटांच्या थाळीत पुढचं मावलं नाही म्हणून त्यानं ते कापून टाकलं होतं आणि नंतर विसरला. मी पुढं गेले. वरवंटा, पाटा, पाट्यावरची चटणी, चटणीच्या ठसक्यानं न्याहारी सोडून उठलेला घरचा धनी, आणि त्या धन्याचं नाव. माझ्या नवऱ्याचं. लाऊडस्पीकरवरून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

आता तो मला ओळखत होता. "आक्का," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ म्हनवून घेतलंस, आता बहिनीचा आहेर घे." पुरुषांच्या घोळक्यात मालक मान खाली घालून टोपी पुन्हा पुन्हा नीट करत होते. ते हसत होते, मला दिसत होतं.

तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. खरं सांगते, अजून आठवलं की पोटात गार वाटतं. दोन महिन्यांत गोष्ट तालुक्यात पसरली. रेकॉर्ड वाजायची, पण लोक म्हणायचे, ही त्या शेवगावच्या बाईची. मालक स्टँडवर चहाला जायला लागले. त्याची दुसरी रेकॉर्ड निघाली, ती कुणी वाजवली नाही. स्वतःचं होतं कुठं त्याच्याकडं. त्याचं वाटोळं झालं याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दिवाळीला पोरगी माहेरी आली. मी हौसेनं भेटायला गेले, नवी साडी घेऊन. ती चुलीपुढं बसली होती, उठली नाही.

"जाच हाय का तिथं?" मी विचारलं.

"न्हाई. ते बोलतच न्हाईत माझ्याशी. हळदी-कुंकवाला बायका मला नाव घ्यायला सांगतात अन् हसतात. आता मी घेतच न्हाई." तिनं भाकरी उलटली. "मी तुमाला इचारलं हुतं, मावशी. नेली म्हंजी काय म्हनून."

मी तिला समजवायला लागले. तो कसा, त्यानं माझं काय काय केलं, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यांनी तुमचं नेलं, ते कळलं मला," ती म्हणाली. "पन दारातलं पयलं नाव माझं हुतं. ते तुमी नेलं."

साडी मी तिच्या आईजवळ ठेवली आणि दुपारच्या गाडीनं परत आले. पुढं तिनं ती नेसल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि आपल्या नवऱ्याचं नाव घेतल्याचं कुणी ऐकलं नाही.