चाळिसावा धडा

शेजारच्या गरेवाल्या आजी मोबाईलमधल्या मास्तरणीला उत्तरं द्यायच्या. पाच मिनिटांचा धडा सुरू होऊन ती मुलगी हसत 'ओला', म्हणजे स्पॅनिशमधला नमस्कार, म्हणाली, की या पदर सारखा करून म्हणायच्या, "ओला गो बाय. जेवलीस?" तुम्ही नातवंडं सुट्टीत आलात की फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा डबा त्यांच्याकडून यायचा, म्हणून हे नाव तुम्हीच ठेवलंत. मी त्यांना वहिनी म्हणत असे.

वहिनी मंडणगडाकडच्या, चौथी शिकलेल्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना स्पॅनिश शिकायचं होतं. मुलगा बोटीवर नोकरीला होता, तो स्पेनमधल्या मुलीशी लग्न करून तिकडेच राहिला. लग्नानंतर तिला घेऊन आला, तेव्हा वहिनींनी दोघांना पडवीतूनच परत पाठवलं. ना भाकरतुकडा ओवाळला, ना तिची ओटी भरली. "तिला माझे शब्द नाही कळले, बाई," त्या मला म्हणाल्या, "पण हात कळला. दाराकडे केलेला."

पुढे नात झाली. दर रविवारी मुलगा फोनवर तिला दाखवी. सून मागे उभी असे, बोलत नसे. मी सुचवलं, तुमच्या मनातलं मुलाला सांगा, तो तिला सांगेल. वहिनींनी मान हलवली. "माझ्या तोंडानं तोडलंय, माझ्याच तोंडानं जोडायचं. दुसऱ्याचं तोंड उसनं कशाला?"

धडे इंग्रजीतून समजावलेले, म्हणून त्यांना मी लागे. दुपारची भांडी आवरून, हात पदराला पुसत त्या चार वाजता येत. मी त्यांना वही आखून दिली होती: डावीकडे देवनागरीत स्पॅनिश, उजवीकडे मराठी, पहिल्या पानावर धड्यांची यादी. माफी कशी मागावी हा धडा चाळिसावा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हाच लावा की."

"असं चालत नाही, वहिनी. आधी पाया."

तुमच्या आईला इंग्रजी शिकवलं तेही मी असंच, एक पान न गाळता.

त्यांनी ऐकलं. एकेक धडा चार-चार दिवस घोटला. सासूला 'सुएग्रा' म्हणतात हे कळल्यावर म्हणाल्या, "शब्दच कडक आहे हो. तिकडच्याही माझ्यासारख्याच असणार." हॉटेलात जेवण मागवण्याच्या धड्याला मात्र वैतागल्या. "मला मेलीला कशाला हॉटेल? घरात काय चूल विझलीय?" तरी तोही पाठ केला.

एका रविवारी सून प्रथमच पुढे आली आणि फोनवर काहीतरी बोलली. वहिनी गांगरल्या आणि तोंडात आलं ते म्हणून मोकळ्या झाल्या: मासे द्या, पाणी द्या, कृपया बिल आणा. सून हसू लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

वहिनी चपला न घालताच माझ्याकडे आल्या. "बाई, हसली हो ती! आजच्या आज तो माफीचा लावा. हसतेय तोवर."

एकतिसावा धडा नुकताच संपला होता. मी म्हणाले, "नऊच राहिलेत. क्रमानं जाऊ या."

त्या वही उघडून बसल्या.

बुधवारी सकाळी फुलं काढताना त्या अंगणात कोसळल्या. डॉक्टर यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

दिवस-कार्यासाठी मुलगा सुनेला आणि नातीला घेऊन येणार असं कळलं, तेव्हा मी एकटीनं बसून चाळिसावा धडा लावला. तोही पाचच मिनिटांचा होता. आधीचं काही येत नसतं, तरी त्यातली दोन वाक्यं वहिनींना दुपारभरात पाठ झाली असती.

सून आली. मुलगा आत गुरुजींपाशी बसलेला होता. पडवीत मी तिचा हात धरला आणि स्पॅनिशमध्ये म्हटलं, "तुझी सासू म्हणत होती, मला माफ कर. घरी ये." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बोलू लागली. खूप बोलली, भरभर, रडत. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांनाही कळलं नसतं, पण त्या ऐकायला तरी असत्या.

हल्ली तुम्ही फोनवर मोडकं मराठी बोलता, तेव्हा मी मध्येच थांबवून दुरुस्त करत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बोलत जा. जसं येतं तसं.