कोल्ह्याचा पहिला नंबर

कार्टूनच्या सिनेमांमधला अंजनगाव सुर्जीतला सगळ्यात मोठा जाणकार मी होतो. (दुसरा कोणी नव्हता. पण तो काही माझा दोष नाही!) अमरावतीला कॉलेजात असताना राजापेठेत खोली करून राहायचो. टॉकीजमध्ये मुख्य पिक्चरच्या आधी कधीकधी हलती चित्रं दाखवायचे, तेवढी पाहून मी उठून यायचो. हिरो-हिरॉइनची रडारड कोणाला पाहायची? अशी बरीच कार्टुनं पदरी जमली आणि गावी परत आल्यावर मी त्यांचे नंबर लावायला लागलो. पानठेल्यावर, पारावर, इतकंच काय, मयतीला गेलो तर तिथंही. "दुनियेतलं सगळ्यात भारी कार्टून कोणतं?" असं मीच विचारायचो आणि मीच सांगायचो. समोरच्यानं एकही पाहिलेलं नसायचं, तरी वाद व्हायचा आणि मी तो जिंकायचो.

या नंबरांपायी माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, एक चांगलं स्थळ हातचं गेलं होतं. मुलाचे काका गुरांचे डॉक्टर होते. मी दुसरा नंबर दिलेल्या जनावरांच्या कार्टुनावर ते जरासे हसले. मी म्हटलं, "तुमी आजारी जनावरं पाहणारे, तुमाले धडधाकट जनावर कसं समजन?" काका चहा तसाच ठेवून उठले.

म्हणून अकोल्याची मंडळी कुसुमला पाहायला यायची ठरली, तेव्हा बाबांनी सकाळीच मला गोठ्याकडे नेलं.

"वसंता, आज तोंड उघडाचं नाही. पोहे खायपुरतं उघड."

"पण बाबा, कोणी विचारलं तं?"

"कोणी नाही विचारत! तुले कोणी कवाच विचारलं नाही!"

कुसुमनं तर हात जोडले. मुलगा शाळेत मास्तर होता, कमी बोलायचा, आणि त्याचा फोटो तिनं गव्हाच्या डब्यामागे लपवून ठेवला होता. "दादा, मले हे स्थळ मनापासून पसंत हाय. पाया पडते तुह्या, आज नंबर लावू नको."

मी शपथ घेतली. विद्येची घेतली. (माझ्याकडे ती फारशी नव्हती, म्हणून मोडायला सोपी गेली.)

आता माझा पहिला नंबर कोणता, ते सांगितल्याशिवाय पुढची फजिती समजणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे एका लग्नासाठी अकोल्याला गेलो होतो. संध्याकाळी शाळेच्या मैदानात सरकारी प्रचाराच्या गाडीवर फुकट कार्टून दाखवणार होते. पोचायला आम्हाला उशीर झाला, कारण माझ्या केसांचा कोंबडा काही केल्या उभा राहीना. पोचलो तर पडद्यावर चित्र चालू आणि लोक उठून घरी निघालेले! मला संताप आला. इतकं सुंदर चित्र आणि यांना जेवणाची घाई! मी घरच्यांना ऐन पुढं नेऊन बसवलं.

काय तो सिनेमा! एक कोल्हा बसलेला, पोट हे एवढं. तो तोंड उघडतो आणि एक एक कोंबडी अलगद बाहेर काढून जमिनीवर ठेवतो. उडालेली पिसं तिच्या अंगावर जाऊन बसतात. सगळ्या कोंबड्या त्याच्याकडे पाहत, मागं मागं चालत खुराड्यात जातात. देवळातून निघताना आपण देवाला पाठ दाखवत नाही, अगदी तशा! मग कोल्हा स्वतःच्या हातानं कडी लावतो आणि सपाट पोटानं, तोही मागं मागं चालत, जंगलात निघून जातो. आवाज नाही, गाणं नाही. सगळ्यात शेवटी सिनेमाचं नाव! "पाहा," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "स्वतःचं नाव शेवटी सांगितलं. किती नम्र माणसं!"

मध्येच डोक्यावर पदर घेतलेली एक बाई नातवांना घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. अंधारात तोंड दिसत नव्हतं. "भाऊ, कशापायी बसले? झालं थे," म्हणाली. मी तिला असं सुनावलं की ती नातवांना ओढत निघून गेली. बाबांचं लक्षच नव्हतं. ते रडत होते. एका कोल्ह्याला पश्चात्ताप होतो आणि आपण मात्र दर रविवारी! त्या दिवसापासून बाबांनी कोंबडी सोडली.

तर पाहुणे आले. मास्तर, त्यांची आई शेवंताबाई, आणि मागं पेढ्यांची पिशवी. कुसुमनं पोहे दिले. शेवंताबाईंनी विचारलं, "बाई, तुले आवड कायची हाय?"

"शिवणाची. अन् कधीकधी सिनेमा," कुसुम म्हणाली आणि लगेच जीभ चावून माझ्याकडे पाहिलं.

"मले बी!" शेवंताबाई खुलल्या. "पण मले थे कार्टुनच आवडते बाप्पा. नातवाईसंगं जातो मी. पहिला नंबर थ्या ढगाच्या पोराचा. दुसरा लंगड्या घोड्याचा. अन् तिसरा थ्या कोल्ह्या-कोंबड्याईचा."

तिसरा! माझ्या घशात पोह्यातली मिरची अडकली. बाबांनी डोळे वटारले. आत आईनं भांडं आपटलं. मी पाणी प्यालो, पुन्हा प्यालो, आणि शपथ गेली!

"मावशी, माफ करा. कोल्ह्याचा पहिलाच नंबर हाय! असा दयाळू कोल्हा दुनियेत झाला नाही."

"दयाळू?" त्या म्हणाल्या. "अरे, सगळ्या कोंबड्या खाते ना थो!"

"खाते? परत देते! पोटातून काढून देते!"

"काय सांगतं! खुराड्याची कडी काढते, कोंबड्या बाहेर येते, अन् हा बसून गट्टम करते!"

"कडी लावते मावशी, काढत नाही! बाबा, सांगा तुमी!"

आता बाबांनाही राहवेना. त्यांच्या दोन वर्षांच्या रविवारांचा प्रश्न होता. "विहीणबाई," (अजून पसंती व्हायची होती!) "पोरगा खरं सांगून राहिला. आमी घरच्या सगळ्यांनी पायलं. मी तं रडलो."

शेवंताबाईंनी बशी खाली ठेवली. "कोठी पायलं?"

"तुमच्याच अकोल्याले. शाळेच्या मैदानात."

"मी बी तेथीच पायलं," त्या सावकाश म्हणाल्या. "मले सांग बाबू, तुमी आले तवा लोक उठून जाऊन राहिले होते का?"

"हो ना!" मला वाटलं, आता बाई माझ्या बाजूनं झाल्या. "निव्वळ अडाणी लोक! एक बाई तं मलेच उठवाले आली. मी चांगली सुनावली तिले."

कुसुमनं मला डोळ्यांनी खुणावलं. तिला समजलं होतं. मास्तरांना समजलं होतं. आतलं भांडं वाजायचं थांबलं, म्हणजे आईलाही समजलं होतं.

"काय म्हटलं तिले?" शेवंताबाईंनी विचारलं.

आणि मी उभा राहून, हातवारे करून, तसंच्या तसं म्हणून दाखवलं! "म्हटलं, ओ मावशी, चित्र समजाची अक्कल नसन तं घरी जाऊन भाकरी थापा, पण असं म्हशीवानी आडवं उभं नका राहू!"



"थे म्हैस मीच," शेवंताबाई म्हणाल्या. "पिक्चर संपलं होतं बाबू. थो गाडीवाला उलटा खटका दाबून रीळ परत गुंडाळून राहिला होता. दिवा चालूच राह्यला होता. थेच सांगाले मी आली होती."

लाज वाटली म्हणजे किती वाटावी! कान तापले, मान वर होईना, पायाखालच्या सारवणात नखं रुतवत उभा राहिलो. गावभर ज्याचा पहिला नंबर लावला, तो सिनेमा मी पाहिलाच नव्हता. आणि बहिणीच्या होणाऱ्या सासूला मी तिच्याच समोर, दुसऱ्यांदा, म्हैस म्हटलं होतं. कुसुमकडे पाहायची हिंमत होईना.

तेवढ्यात बाबांचा बारीक आवाज आला. "म्हणजे... खाल्ल्या त्यानं?"

"सगळ्या."

"अन् मी दोन वर्षं वांगे खाऊन राहिलो!"

शेवंताबाई कुसुमकडे वळल्या. "तू बी होती ना तेथी? तुले बी समजलं नाही?"

कुसुमनं खाली पाहत सांगितलं, "मले समजलं होतं. कोंबड्या कवा मागं चालते का? पण दादा म्हणे, तुले कळत नाही, गप्प बस. अन् बाबा रडून राहिले होते. रडत्या माणसाले कसं सांगू, का कोल्ह्यानं कोंबड्या खाल्ल्या म्हणून?"

शेवंताबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, रडतात. हसत होत्या! हसता हसता पदरानं डोळे पुसले आणि मास्तरांना म्हणाल्या, "बाबू, पोरीले डोळे हायेत अन् मन बी हाय. मले पसंत हाय. तुह्यं काय?" मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "मले तं फोटोतच होती." कुसुम पळत आत गेली. मी गोठ्यात गेलो आणि पाहुणे जाईपर्यंत बैलांच्या मध्ये बसून राहिलो. बैलांनी मला कोणताही नंबर विचारला नाही, हे त्यांचे उपकार!

मला वाटलं, सुटलो. पण लग्न बाकी होतं. आमच्यात नवरीच्या भावानं मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाचं धोतर-पागोटं घ्यायचं असतं. मी नवा सदरा घालून, बोटं मोडत, मास्तरांच्या कानाकडे हात नेला. तोच शेवंताबाई भर मांडवात उभ्या राहिल्या.

"थांबा! या पोराले सुलटं काही समजत नाही. याच्यासाठी उलटंच चालवा!"

मास्तरांनी उठून माझा कान धरला. शाळेतला रोजच्या सरावाचा हात तो! डोळ्यांत पाणी येईस्तोवर पिळला. मांडवभर टाळ्या वाजत होत्या, बाबा सगळ्यात जोरात वाजवत होते, आणि या खेपेला एकही माणूस उठून गेला नाही.