ताईच्या ओट्याखालचे सात सांधे

सदर इसम: पुरुष, वय सत्तावन्न, उंची बेताची. व्यवसाय: नळजोडणी. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या बोटांवर सफेद्याचे डाग, साबणाला दाद न देणारे. पूर्वीचे गुन्हे: नाहीत. मते: ठाम.

मतांचा तपशील असा की, पाइप लोखंडाचा असावा, व्हॉल्व्ह पितळेचा असावा, आणि आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळून वर सफेदा थापावा. प्लास्टिकला तो पाइपच मानत नसे. आट्यांवर गुंडाळायच्या टेपचा विषय निघाला की म्हणे, "ती बोट कापल्यावर लावा." लोक त्याला सुतळीमामा म्हणत.

त्याच्या थोरल्या बहिणीने पाइपचा गॅस घ्यायचं ठरवलं, तेव्हा काम अर्थातच त्याच्याकडे आलं. सांधे जोडून दहा दिवस झाले होते. जुनी शेगडी ताईने आधीच काढून टाकलेली. तेव्हापासून तिचा स्वयंपाक शेजारणीच्या ओट्यावर, आणि शेजारीण अलीकडे भांडी जरा जोरातच ठेवू लागली होती. आज तपासणीत नापास झालं तर पुढची तारीख महिन्याने.

तपासनिसाने पाइपात हवा भरली, सांध्यांवर साबणाचं पाणी फासलं. सातही सांध्यांवर बुडबुडे आले. एक तर चांगला लिंबाएवढा.

"छान फुलवलंयस," ताई म्हणाली.

"पस्तीस वर्षांत माझा एक सांधा गळलेला नाही!"

"पाण्याचा ना?" तपासनीस म्हणाला. "मामा, सुतळी पाणी पिऊन फुगते, म्हणून सांधा घट्ट बसतो. इथं तिला पाजणार कोण? सफेदाही वाळून तडकलाय. ही घ्या गॅसची पिवळी टेप, ती लावा. अर्ध्या तासात शेजारचं घर बघून येतो."

सुतळीमामाने सांधे उघडले, आटे घासले. टेपचं रीळ हातात घेतलं, खाली ठेवलं. परत घेतलं, परत ठेवलं. यात दहा मिनिटं गेली.

"ताई, हे माझ्याच्यानं होणार नाही."

"विंचू आहे का तो?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आणि माझा जेवणाचा. सरक तिकडे. कुठल्या बाजूनं गुंडाळायची?"

"आट्यांच्या दिशेनं. ओढून. अगं, ओढून! बाळाला लंगोट बांधतेयस का?"

"तीन पोरांचे बांधलेत. एकही सुटला नाही."

ती गुंडाळत गेली, तो मान वळवून पान्याने आवळत गेला.

तपासनीस परतला. पुन्हा हवा, पुन्हा साबण. बुडबुडा औषधालाही नाही. त्याने शिक्का मारून कागद दिला: "सातही सांधे निर्दोष. सदर जोडणी अनुभवी व प्रशिक्षित कारागिराने स्वहस्ते केली आहे."

टेप ताईने गुंडाळली होती.