तात्यांचे डायरेक्टर सायेब

शाळेची घंटा देण्याआधी तात्या मोरे तीन ठिकाणी बघत. आधी हेडमास्तरांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ, मग माझ्या मनगटावरचं, आणि शेवटी पटांगणातल्या झेंड्याच्या काठीची सावली. तिघांचं एकमत झालं तरच टोल पडे. नाही झालं, तर तात्या सावलीच्या बाजूने निकाल देत. "सावलीला चावी द्यावी लागत नाय, गुरुजी," असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात सावलीच नसे, त्यामुळे ते चार महिने तात्या फार बेचैन असत.

मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि तात्या तिथले जुने शिपाई. साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. आताचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. माझं घर महाडला. शनिवारी शाळा सुटली की एस्टीने घरी जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, असा माझा क्रम. तात्या पन्नाशीचे, उंच, जरासे वाकलेले. छातीच्या दुखण्यामुळे मुंबईची गिरणी सोडून गावी आलेले. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत. नव्या माणसाला वाटे, आपल्या हाताला काही लागलंय की काय.

संशय हा त्यांचा नुसता स्वभाव नव्हता, ते त्यांचं रोजचं काम होतं. पत्र पेटीत टाकलं की ते पेटीला कान लावून तळाशी पडल्याचा आवाज ऐकत. तांदूळ घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. भटजींनी मुहूर्त सांगितला की दुसऱ्या भटजींना विचारून येत आणि पहिल्यांना तसं सांगतही. कुणी वाटेत थांबून तब्येतीची चौकशी केली तर दोन दिवस विचार करत, की ह्याला माझ्या तब्येतीचं काय पडलंय? "माणूस गोड बोलला की आधी आपली पिशवी बघावी," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "बघितल्याबिगर मानायचं नाय, आनि बघितलं तरी दोनदा बघायचं." मला त्यांची गंमत वाटे, कारण मीही त्याच पंथाचा. तात्या तोंडावर संशय घेत, मी मनातल्या मनात, एवढाच फरक.

अशा माणसाचा अख्ख्या जगात एकाच माणसावर विश्वास होता, आणि तो माणूस मुंबईत हिंदी पिक्चर काढत होता. त्याचं नाव सगळ्या देशाला ठाऊक होतं, पण बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसे तात्याही ते घेत नसत. नुसतं "डायरेक्टर सायेब". म्हणून मीही इथे लिहीत नाही.

गिरणीत असताना खोलीवरच्या मंडळींनी त्यांना ओढून पहिला पिक्चर दाखवला होता, एका म्हाताऱ्या शिंप्याचा. तात्या खोट काढायलाच बसले होते. ती सापडली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. "शिंप्याच्या बोटाला सुईची भोकं होती, गुरुजी! मी पुढच्या बाकावर बसून बघितली. बाकीच्यांचा हिरो नांगर धरतो आनि हात बघावा तर लोण्यासारका. ह्यांच्यात तसलं नाय." मग धरणाखाली गेलेल्या गावाचा पिक्चर. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली येई. "घर सोडताना ती बाई रडते ना, तवा सायेब तिचं तोंड दाखवीत नाय, पाठ दाखवतो. तोंड खोटं रडतं. पाठीला खोटं रडता येत नाय." गर्दीबद्दलही त्यांचं निरीक्षण होतं. "बाकीचे लोक गर्दी म्हंजे पेंढा भरतात. ह्यांच्या गर्दीत जो तो आपापल्या कामाला निघालेला असतो." पुढे मी सिनेमावर बरंच छापील वाचलं, पण ह्या दिग्दर्शकाच्या चांगल्या पिक्चरांचं मर्म पोलादपूरच्या एका शिपायाइतकं कुणी नेमकं सांगितल्याचं मला आठवत नाही.

ह्या गर्दीमुळेच पुढचं सगळं घडलं.

तात्यांचा थोरला भाऊ दगडू बारा वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. त्याची बायको, काशीवहिनी, तात्यांच्याच घरात राहत होती. मूलबाळ नव्हतं. दगडू का गेला हे गावात कुणी बोलत नसे. एकदा शाळेच्या पायरीवर बसून तात्यांनीच मला सांगितलं. आईची पुतळ्यांची माळ हरवली होती. तात्यांनी सगळ्यांदेखत थोरल्या भावाची ट्रंक उघडून तपासली. काही मिळालं नाही, म्हणून पुन्हा तपासली. दगडूने ट्रंक बंद केली, डोक्यावर घेतली आणि तो वाटेला लागला. माळ आठ दिवसांनी भाताच्या कणगीत सापडली.

"पयल्यांदा बघितलं तवा तो हसत होता, गुरुजी," तात्या म्हणाले. "दुसऱ्यांदा बघितलं तवा नाय हसला."

आता भावकीने जोर धरला होता. ज्याचा बारा वर्षं पत्ता नाही, त्याचा पालाशविधी करतात. पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा, म्हणजे माणूस मेला असं ठरतं. मार्गशीर्षात बारा वर्षं भरत होती. तात्यांना संशय की वरच्या शेताच्या वाटणीत दगडूचं नाव अडतंय, म्हणून ही घाई. असेलही तसं. पण विधी झाला की वहिनींचं कुंकू पुसणार होतं, बांगड्या उतरणार होत्या. आणि तात्यांच्या संशयाने घरातून घालवलेला भाऊ कायमचा मेलेला ठरणार होता. भरलेलं ताट तात्या तसंच ठेवून उठू लागले होते.

त्यातच मे महिन्यात तात्या मुंबईला जाऊन डायरेक्टर सायबांचा नवा पिक्चर बघून आले, पूल बांधणाऱ्या मजुरांचा. परत आले ते थेट माझ्या खोलीवर. मजुरांच्या गर्दीत त्यांना दगडू दिसला होता! पाटी उतरवून डाव्या हाताने कपाळ पुसणारा. दगडू डावखुरा होता. भावकीला हे सांगितल्यावर भावकी पोट धरून हसली. शेवटी चुलतभाऊ म्हणाला, "बायकोनं वळखला तर आम्ही विधीचं नाव घेनार नाय. पन तुझ्या सांगन्यावर नाय. गुरुजींना सोबत ने."

खरं सांगतो, मलाही शंका होती. विधी टाळायला तात्यांनी ही कथा रचली असावी, असं मी मनात धरूनच बसलो होतो. मी हो म्हटलं ते त्यांना पकडायला.

दिवाळीनंतर तो पिक्चर महाडला लागला. बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं जाऊन बसलो. पत्र्याची शेड, खिडक्यांना काळे पडदे, बाहेर इंजिनाचा धडधडाट. वहिनी जन्मात पहिल्यांदा पिक्चर बघत होत्या, पदर घट्ट धरून. पूल उभा राहू लागला. तात्या माझ्या कानाशी पुटपुटले, "आता बघा, आता मजूर खाली उतरतील." पण पडद्यावर एकदम पुलाचं उद्घाटन सुरू झालं. हारतुरे, बँड. मजूर कुठेच नाहीत. आणि थोड्याच वेळात पिक्चर संपला.

तात्या उठले ते तडक ऑपरेटरच्या खोलीत. सदू ऑपरेटर बिरवाडीचा, साधा माणूस. तात्यांनी त्याचा सदराच धरला. "रीळ कुठं गेलं? भावकीनं तुला काय चारलं, बोल!"

सदू गोंधळला. "तात्या, काय बोलताय? बाजाराच्या दिशी एक रीळ गाळतोच आपन. नायतर पोलादपूरची एस्टी चुकते. तुम्हीच न्हवता का आलेला सगळ्यांच्या सह्या घेऊन, का खेळ एस्टीच्या आदी संपलाच पायजे म्हनून? एस्टीवाल्यांवर तुमचा भरवसा नाय, ते थांबनार नायत, असं तुम्हीच मालकांना सांगितलंत."

तात्यांनी सदरा सोडला. सगळ्या पोलादपूरकरांची सोय म्हणून त्यांनी स्वतः करून घेतलेली व्यवस्था होती ती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. पिक्चरच्या रिळांची पेटी दुसऱ्या दिवशी दुपारी चिपळूणला जाणार होती.

ज्याचा सदरा धरला त्या सदूनेच वाट काढली. "उद्या सकाळी या. तेवढं रीळ लावतो."

त्यामुळे दोघं महाडला आमच्याच घरी राहिले. सकाळी नऊला आम्ही रिकाम्या शेडमध्ये बसलो. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे बाकांवर पडलेले. इंजिन सुरू झालं. पुलावरून मजूर उतरू लागले, आणि खरोखरच प्रत्येक जण आपापल्या कामाला निघालेला होता. एकाने पाटी उतरवली, डाव्या हाताने कपाळ पुसलं, क्षणभर आमच्याकडे बघितलं आणि तो पुढे गेला.

"ह्यो! वैनी, ह्यो बघ!" तात्या उभे राहिले. "दादा हाय का नाय? सदू, परत लाव! परत लाव, बाबा!"

सदूने रीळ परत गुंडाळून पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी तात्या पडद्याकडे बघत नव्हते. जन्मभर माणसांचे हात बघणारा तो माणूस वहिनींच्या तोंडाकडे बघत होता.

"माझ्या डोळ्यांचा भरवसा नाय," ते म्हणाले. "तू सांग गो वैनी. तू सांगशील ते खरं."

वहिनींनी घट्ट धरलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "व्हय भावोजी. तेच हायत."

तात्या बाकावर बसले आणि रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. रीळ तिसऱ्यांदा बघायला त्यांनी मागितलं नाही. मी मात्र एक गोष्ट टिपून ठेवली होती: दुसऱ्या वेळी वहिनींनीही पडद्याकडे बघितलं नव्हतं. त्या तात्यांकडेच बघत होत्या. ही बाई खोटं बोलली, असं मला लगेच वाटलं, आणि कारणही मी ठरवून टाकलं. कुंकवासाठी बोलली. मी ते कुणाला सांगितलं नाही. भावकीपुढे मी एवढंच म्हणालो की वहिनींनी ओळखलं, हे माझ्या समोर झालं. ते खोटं नव्हतं. विधी राहिला.

त्यानंतरचे तात्या वेगळे होते. घंटा अजूनही सावली बघूनच देत, पण एका पोराने पाटी फुटल्याची थाप मारली तेव्हा चक्क त्याचं ऐकून गप्प बसले. दर मे महिन्यात मुंबईला जाऊन स्टुडिओच्या फाटकांशी उभे राहत. दगडू भेटला नाही. "जिता हाय तर यील कवातरी. न्हायतर माझ्यावरचा राग गेला नसंल," म्हणत आणि पुढच्या वर्षीची वाट बघत. डायरेक्टर सायबांचा पुढचा पिक्चर पडला, लोकांनी नावं ठेवली, तेव्हा तात्या शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "त्या माणसानं माझा भाऊ सांभाळलाय. त्याच्याबद्दल कुनी बोलू नका."

तीन-चार वर्षांनी माझी महाडला बदली झाली, आणि पुढच्याच हिवाळ्यात तात्या छातीच्या दुखण्याने गेले. बातमी मला उशिरा कळली. बाराव्याला पोलादपूरला गेलो. माणसं जेवून पांगली होती. काशीवहिनी मागल्या अंगणात भांडी विसळत होत्या. त्यांचं कपाळ रिकामं होतं. हातात बांगड्या नव्हत्या; माणसं गेल्यावरच उतरवल्या असाव्यात.

माझी नजर त्यांनी ओळखली. हात पदराला पुसत त्या जवळ आल्या.

"गुरुजी, पडद्यावरचा तो मानूस आमचा न्हवता."

"मला तेव्हाच वाटलं होतं," मी म्हणालो. माझा संशय खरा ठरल्याचं समाधान त्या वेळीही मला झालं, हे कबूल करायला हवं.

"वाटलं असंल. आनि मी कुंकवासाठी बोलले, असं बी वाटलं असंल."

मी खाली बघितलं.

"बारा वर्सं वाट बघून माझं कुंकू कवाच आतून पुसलं होतं," त्या म्हणाल्या. "पन भावोजींनी जलमात एकदाच कुनाला तरी सांगितलं, का तू सांगशील ते खरं. मी नाय म्हनले असते तर त्यांच्या हातून भाऊ मेला असता. ट्रंक उगडली तवा मी दारातच हुबी होते, गुरुजी. मला त्यांचा राग होता. लय होता. पन त्या दिशी ते माझ्या तोंडाकडं बघत होते ना, तवा माझ्याच्यानं नाय म्हनवलं नाय."

खोटं मी बरोबर पकडलं होतं. माणूस मात्र मला साफ कळला नव्हता. मला इतकी लाज आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

"तुमाला एक काम सांगू का?" वहिनींनी विचारलं. "महाडच्या भटजींना सांगा, पालाशविधी करायचा हाय. हितल्या भटजीला सांगितलं तर भावकीत गलका व्हईल, का बाई पयल्यांदा खोटं बोलली."

मी सांगतो म्हणालो. पण त्यांनी इतकी घाई का करावी, ते मला कळेना. मी तसं विचारलंही.

"भावोजी होते तवर त्यांचा भाऊ जिता ठेवला," त्या म्हणाल्या. "आता माझा नवरा मरू दे, गुरुजी."