मुक्या बसलेल्या पाच जणी

४ जानेवारी, रविवार. सकाळपासून सुलभाच्या केडगावच्या घरातली खोकी उपसते आहे. तिच्या भावाला महिनाअखेरीस घर रिकामं करायचं आहे. तारा, स्पीकर, बटणं यांतलं काय ठेवायचं आणि काय भंगारात घालायचं हे मला कळतं, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. पहिलं काम गळलेल्या सेलचं. सेल फार दिवस आत राहिले की फुटतात, पांढरी भुकटी धरते आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकते. कार्यशाळा संपली की सेल काढून ठेवत जा, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. ती काढायची नाही. पुढची कार्यशाळा आता लगेचच आहे, असं तिला कायम वाटायचं.

ती नोव्हेंबरच्या शेवटी गेली. तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते, पोरांचं प्रॅक्टिकल चालू होतं. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी पोरांची मोजमापं पुरी होऊ दिली, टेबलं आवरली, मेन स्विच बंद केला आणि मग निघाले. रंजनाताई धीराच्या आहेत, असं नंतर कुणीतरी म्हणालं. धीर कसला... त्या बातमीचं काय करायचं ते कळत नव्हतं, स्विच बंद करायचं कळत होतं.

सुलभा आमच्याकडे पदार्थविज्ञान शिकवायची, मी प्रयोगशाळा सहायक. सुरुवातीची वर्षं मी तिला मॅडम म्हणायची. एकदा ती कॉलेजातल्या मोडक्या बाकाची लांब फळी काखेत मारून आली आणि म्हणाली, "रंजना, याला बारा भोकं पाडून दे. कारण विचारू नकोस, हसशील." मी विचारलं आणि हसलेही. तिला आकडे वाजवायचे होते. पाथर्डीकडच्या एका गावातल्या बायका दर महिन्याला विहिरीचं पाणी मोजायच्या. दोराला हात हात अंतरावर गाठी, टोकाला दगड. दोर सोडायचा, वर काढायचा, काठापासून किती गाठी कोरड्या राहिल्या ते मोजायचं. आकडे वहीत जायचे आणि तिथेच पडून राहायचे. "आकडा बघून कोणाच्या पोटात काही हलत नाही गं," सुलभा म्हणायची. "कानाने कळेल."

मी भोकं पाडली. फळीवर बारा बटणं, प्रत्येकाशेजारी एक फिरवायची खुंटी, सगळ्यांना मिळून जुन्या ट्रान्झिस्टरचा एक स्पीकर. सहा बायका या बाजूला, सहा त्या बाजूला, प्रत्येकीचा एक महिना. आपल्या महिन्याच्या जितक्या गाठी, तितक्या खुणेवर खुंटी फिरवायची. मग सुलभा मागून चालत एकेकीच्या खांद्याला हात लावणार, हात लागला की बटण दाबायचं. असं एक वर्ष वाजायचं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

पहिल्याच दिवशी आम्ही आपटलो. शाळेच्या व्हरांड्यात बायका बसल्या, ज्येष्ठापासून वर्ष वाजायला लागलं आणि उन्हाळ्याकडे जाता जाता सूर उंच उंच चढत गेला. सुलभा खूश. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी द्वारकाबाई बोलली. ही ऊसतोडीच्या टोळीतली जुनी बाई, कोयत्याने बोटाचं पेर गेलेली, तोंडाने फटकळ.

"बाई, येक इचारू का? उन्हाळ्यात आमची हीर गानं म्हनती का?"

"म्हणजे?"

"पानी चाललंय खाली, अन् तुमचा भोंगा चाललाय वर. लगीन हाय का हिरीचं?"

सगळ्या हसल्या. गाठी वाढल्या की सूर वाढणार, असं आम्ही दोघींनी कागदावर पक्कं केलं होतं. दोन शिकलेल्या बायका, आणि पाणी उतरलं की आवाजही उतरायला हवा हे एकीलाही सुचलं नव्हतं. मी शाळेच्या प्लगवर सोल्डरिंग गन लावली आणि बाराही खुंट्यांच्या टोकांच्या तारा तिथेच उलटसुलट केल्या. द्वारकाबाई शेजारी बसून बघत होती. "ह्या बाईला काम येतं," तिने माझ्याकडे हात करून सुलभाला सांगितलं, "तुमाला बोलता येतं." सुलभाने ते पुढे कित्येक ठिकाणी स्वतःच सांगितलं.

तारा बदलल्यावर वर्ष परत वाजलं. पावसाळ्याचे सूर वर गेले, दिवाळीपर्यंत टिकले आणि मग... काहीच नाही. सुलभाने पाच जणींच्या खांद्यांना हात लावला. पाचही जणी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पहिल्या वेळी चढत्या सुराच्या नादात हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला जातं, शिमग्याच्या पुढेमागे परततं. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना विहिरीच्या काठावर वाकायला लावायचं नाही, हे बायकांनीच ठरवलेलं. म्हणून त्या महिन्यांचे रकाने कोरे. त्यानंतर एकदम चैत्राचा सूर लागला, तळातला, घोगरा. कुणी हसलं नाही. एक तरणी सून हळूच म्हणाली, "आपन न्हवतो तवा येवढं खाली गेलं व्हय."

सुलभाची सगळी कार्यशाळा मला वाटतं त्या पाच जणींसाठी होती. पुढे ती डोंगरातल्या अकोले तालुक्यापर्यंत हिंडली, भाताच्या गावात पाऊस वाजवला, पण दरवर्षी त्या गावात जायचीच. द्वारकाबाई नव्या बायकांना हाताला धरून मुक्या जागांवर बसवायची आणि दटावायची, "बटनाला हात लावायचा न्हाई. आपन उसाच्या फडात हाय." वही मी सांभाळायची. ती माझी जबाबदारी, कारण माझं अक्षर बरं आणि सुलभाकडे वही टिकायची नाही.

आता जे लिहिते आहे ते तिच्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त आहे, पण ते सोडून तिच्याबद्दल लिहिणं खोटं होईल.

नगरमध्ये एका संस्थेने प्रदर्शन भरवलं. वेगवेगळ्या गावांच्या विहिरी ऐकवायच्या होत्या. त्यांच्या फॉर्ममध्ये बारा महिने भरलेले लागत, रकाना कोरा असेल तर अर्ज पुढे जात नव्हता. सुलभा तेव्हा अकोल्याकडे होती, फोन लागत नव्हता. मी दिवाळीच्या गाठी घेतल्या, चैत्राच्या गाठी घेतल्या, मधला फरक पाच महिन्यांत वाटून टाकला. अगदी सरळ दिसू नये म्हणून कुठे एक गाठ वाढवली, कुठे कमी केली. हात बसला म्हणून मागच्या वर्षांचेही रकाने भरले. त्याच पेनने, त्याच अक्षरात. मला ते नीटनेटकं काम वाटलं.

प्रदर्शन वैशाखात होतं, बायका गावात होत्या, सुलभाने त्यांना जीप करून आणलं. हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर त्यांची विहीर वाजली. पावसाळ्यात चढून मग जिन्यावरून सावकाश उतरावं तसे बारा सूर, मध्ये कुठे खंड नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. द्वारकाबाईने सुलभाला विचारलं, "आमी कारखान्यावर हुतो, तवा कोन मोजत हुतं?"

सुलभाने माझ्याकडे बघितलं. बायकांना जीपमध्ये बसवून परत आल्यावर म्हणाली, "ती माणसं तिथे नव्हती, एवढंच ऐकू यायला हवं होतं. तू त्यांना घरी आणून बसवलंस."

"फॉर्म परत आला असता," मी म्हणाले.

"येऊ द्यायचा होता."

पुढच्या खेपेला चारच बायका आल्या. त्याच्या पुढच्या खेपेला आम्ही व्हरांड्यात फळी मांडून दोन तास बसलो. शेवटी द्वारकाबाई एकटी आली, पाणी पाजलं आणि म्हणाली, "आमच्याबिगर बी वाजती की तुमची फळी. आमचा रोज का मोडायचा?" ती रागावली नव्हती. तेच वाईट होतं. विहीर मोजणंही त्या वर्षापासून बंद पडलं. सुलभाने मला कधी बोल लावला नाही आणि मीही विषय काढला नाही. कॉलेजात आम्ही एकत्र डबा खायचो.

मग तिचं दुखणं निघालं. शेवटचं भेटले तेव्हा तिला उशीवर टेकवून बसवलं होतं, बोलताना दम लागत होता. म्हणाली, "वही आहे ना? त्यातले तुझे आकडे कुठले, आठवतात?"

"आठवतात."

"मग खोड ते. एवढं कर."

"करते," म्हणाले, आणि तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसले. मला आठवत नव्हते. टोळी एखाद्या वर्षी माघातच परते, एखाद्या वर्षी चैत्र उजाडे, म्हणजे कडेचे काही आकडे खरे. एका वर्षी द्वारकाबाईचा पाय मोडला म्हणून ती गावातच राहिली, आणि काठीच्या आधाराने जाऊन तिने सगळा हिवाळा मोजला. त्या वर्षीचे पाचही खरे. पण ते वर्ष कोणतं? कोणती टोळी कधी निघाली आणि कधी आली हे सुलभाला तोंडपाठ होतं. तेव्हाच तिला विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. खोटं बोललेलं कळेल म्हणून विचारलं नाही.

आज दुपारी सेल साफ करून झाल्यावर द्वारकाबाईला फोन लावला. ती सांगलीकडे फडात होती, मागे कोयत्यांचा आवाज येत होता. पाय मोडला ते साल कोणतं, म्हणून विचारलं.

"साल कुठलं ध्यानात ऱ्हातंय बाई. धाकलीचं लगीन झालं त्याच्या आदी... का मागनं." मग म्हणाली, "सुलभाबाईला इचारा की. त्यांना समदं ठावं."

तिला कळवायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे मीच टाळलं होतं. आता सांगितलं. मग ती म्हणाली, "मंग आता कोन सांगनार," आणि मुकादम हाका मारतोय म्हणून फोन ठेवला.

फळी भिंतीला टेकवली आहे. बारा बटणांपैकी सात जणींच्या बोटांनी गुळगुळीत झालेली आहेत. मधल्या पाचांवरचा रंग अजून नवा दिसतो.

५ जानेवारी, सोमवार. सकाळी कॉलेजला जाण्याआधी पट्टी आणि पेन घेऊन बसले. सगळ्या वर्षांचे कार्तिक ते फाल्गुन रकाने खोडले. कोणते माझे ते ठरवता येत नव्हतं, म्हणून सगळेच. द्वारकाबाईने मोडक्या पायाने मोजलेला हिवाळाही त्यात गेला. खाली माझं नाव आणि तारीख लिहिली. फळीच्या पट्ट्या घासून लख्ख केल्या होत्या. सेल घातले नाहीत.