शिंदे सरांच्या गाडीतली भुतं आणि प्रेमप्रकरणं

एका गाडीतून चार मास्तर रोज जायला लागले की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सीटच्या फटीत शेंगदाणे साचतात तसे ते आपोआप साचतात. कधीतरी गाडी झाडायला काढली की कळतं, अरे, केवढे हे!

आमची गाडी लातूरहून रेणापूरच्या शाळेत जाते. गाडी शिंदे सरांची. सर विज्ञानाचे, त्यामुळे त्यांचा भुतावर विश्वास नाही, आणि त्यांच्या बायकोचं ऐकाल तर प्रेमावरही नाही. त्यांच्या शेजारी जाधव मॅडम, हिंदीच्या, रिटायरमेंटला आलेल्या. त्यांना भुताखेतांच्या कादंबऱ्यांचं व्यसन. मागे मी, मराठीची, आणि निकिता, कॉम्प्युटरची. निकिता लग्नाची आहे आणि रोमँटिक कॉमेडी सोडून जगात दुसरं काही बघत नाही. एवढी मतं एका गाडीत कोंबली की एसी कितीही वाढवा, गरम होणारच!

*

जाधव मॅडम भाकरी खाता खाता मुंडकं उडालेल्या बाईचं वर्णन वाचू शकतात. वर लोणचंही मागतात.

निकितानं एकदा विचारलं, "मॅडम, भीती न्हाई वाटत?"

"भीती कसली? भूत लई शिस्तीचं असतंय, पोरी. अमावस्या म्हणजे अमावस्येलाच येतंय. आमच्या गल्लीतलं नळाचं पाणी येतं का असं?"

स्टिअरिंगवरून सर म्हणाले, "पण मॅडम, भूत नसतंच."

"पाणी तरी कुठं असतंय? वाट बघतोच की!"

*

एकदा निकितानं गाडीत मोबाइलवर एक पिक्चर लावला. हिरोईन विमानानं चाललेली, हिरो तिला अडवायला भर ट्रॅफिकमधून पळतोय. निकिताचे डोळे भरून आलेले.

सर आरशातून बघत म्हणाले, "पळून कशाला राहिलाय हा? फोन करायचा ना!"

"सर, फोनवर प्रेम कळत न्हाई."

"मग एवढा महागाचा फोन घेतलाय कशाला?"

जाधव मॅडम म्हणाल्या, "बरं, तो तिकडं मुंबईत तरी पळतोय. लातूरचा असता तर स्टँडवर गेला असता. 'नांदेड गाडी लागली का?' हे विचारण्यातच हिरोईन नांदेडला पोचून तिचं बाळंतपण झालं असतं!"

माझं मत कोणी विचारत नाही, तरी मी देते. भुताच्या गोष्टीत सगळ्यात आधी मोबाइलची रेंज मरते, मग माणसं. आणि प्रेमाच्या गोष्टीत रेंज फुल असते, पण कोणी धड बोलत नाही. दोन्हीकडे मोबाइल असून नसल्यासारखा! माझं हे मत ऐकून जाधव मॅडमनी पुस्तक उघडलं. मग सर म्हणाले, "काच जरा खाली घ्या."

*

एका रविवारी चौघं नांदेडजवळचं विष्णुपुरीचं धरण बघायला निघालो. सरांना रस्ता पाठ होता, पण निकिता म्हणाली, "मॅप लावू या, दहा मिनिटं वाचतील." मॅपमधली बाई लागली बोलायला. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, सरळ जा. आम्ही सरळ गेलो ते उसात!

दोन्ही बाजूंनी ऊस, पुढं बांध, आणि बाई म्हणतेय, "तुम्ही पोहोचला आहात."

जाधव मॅडमनी पुस्तक मिटलं. "कुठं?"

तेवढ्यात उसातून एक धोतरवाले काका बाहेर आले. आम्हाला बघून जराही दचकले नाहीत. "धरण व्हय? त्या बाईचं ऐकून आलाव ना? ती समद्यांला हितंच आणून सोडती."

सरांनी हात जोडले. "माफ करा काका, लई तरास होत असेल तुम्हाला."

"तरास कसला? बसा की," म्हणत त्यांनी बांधापलीकडं बोट दाखवलं. कडुलिंबाखाली बाकडी, बर्फाची पेटी आणि चरक! "रस गोड हाय. थोरल्याला म्हणलं, रोडवर जागा कशाला शोधून राहिलास? बाई गिऱ्हाईक घरपोच आणून द्यायली!"

*

हा किस्सा शाळेतला. नववीच्या पोरींनी कॉम्प्युटरच्या खोलीत भूत आहे असं उठवलं. झालं! सर पेटले. अख्खा वर्ग त्याच खोलीत बसवला आणि अंधश्रद्धेवर भाषण सुरू केलं.

"पोरींनो, भूत हा मनाचा खेळ आहे. पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं आपल्याला वाटतं. वळून बघा, कुणीही नसतं!"

आणि कोपऱ्यातला प्रिंटर आपोआप सुरू झाला. घर्र घर्र करत एक कागद बाहेर आला. पोरी एकमेकींना चिकटल्या.

सर शांत. "घाबरायचं नाही. यंत्र आहे ते." त्यांनी कागद उचलून पहिल्या बाकावरच्या पोरीला दिला. "वाच मोठ्यानं."

ती कापऱ्या आवाजात वाचू लागली, "तो कधीचा तुमच्या पाठीमागं उभा आहे..."

सर वळले. पाठीमागं शिपाई रामभाऊ कधीचे उभे होते, चहा घेऊन!

सरांची किंकाळी आम्हाला स्टाफरूमपर्यंत ऐकू आली. चहा सरांच्या शर्टावर, सर बाकावर, आणि रामभाऊ पार गेटच्या बाहेर!

स्टाफरूममध्ये जाधव मॅडम मोबाइलवर भुताची कादंबरी वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "निकिता, अक्षर मोठं करायला कुठं दाबायचं गं? मघापासून दाबून राहिले, नुसतंच 'प्रिंट, प्रिंट' म्हणतंय."

*

मग निकिताला नांदेडचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर. याआधीची सगळी स्थळं तिनं परतवलेली. कारण एकच, "बघितल्यावर काहीतरी झालं पाहिजे."

तिची आई रडकुंडीला आलेली. "काय व्हायचंय? फिट यायचीय का?" वडील आता बोलतच नव्हते. एवढं स्थळ बघायचं, नाहीतर पुन्हा विषय काढणार नाही, म्हणाले होते. म्हणून धीर द्यायला निकितानं आम्हा तिघांना घरी बोलावलं.

ऐनवेळी मुलाला साइटवर थांबावं लागलं. मग ठरलं, व्हिडिओ कॉलवर बघायचं. निकितानंच फोन टीव्हीला जोडला. भल्यामोठ्या टीव्हीवर मुलगा आला. डोक्यावर हेल्मेट, मागं सिमेंटची पोती.

"शिक्षण?" त्यानं विचारलं.

"एमसीए," निकिता म्हणाली. आवाज थंडगार. आईनं कपाळाला हात लावला.

"मला..." मुलगा काहीतरी सांगायला लागला आणि नेटवर्क गेलं. चित्र जागीच गोठलं. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, हेल्मेट तिरकं.

आम्ही वाट बघितली. चित्र हलेना.

"गेला," जाधव मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, असं बोलू नका हो!" निकिताची आई.

वडील उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. सर टीव्हीच्या मागच्या वायरी बघू लागले. आणि निकिताला अचानक हसू फुटलं. आधी खुदकन, मग पोट धरून. पदर सावरत ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि त्या उघड्या तोंडाकडं निरखून बघायला लागली.

"नाक जरा मोठं हाय," ती म्हणाली. "पण आई, असा अडकून बी बरा दिसायलाय की गं!"

टीव्हीवरचं तोंड तसंच उघडं होतं. ओठ हलले नाहीत. पण आवाज आला.

"तुम्ही बी."